तीन दिसांचा उपाशी

माय भाकरी थापायची तेव्हा काठवटीत तिच्या हाताचा जो आवाज व्हायचा, तो मी आजही शंभर बायकांच्या हातांतून ओळखीन. पंजा पडायचा, भाकरी थोडी फिरायची, पुन्हा पंजा. मध्ये बोलणं आलं, हसणं आलं, तरी हात थांबत नसे. अहमदपुरात, बाजाराच्या मागच्या वस्तीत आमचं दोन खणांचं घर होतं, आणि त्या घराचं घड्याळ म्हणजे हा आवाज. वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर मायचा धाकटा भाऊ, लछूमामा, आमच्याकडेच राहायला आला. मी त्याच आवाजाच्या शेजारी, चुलीच्या उजेडात पुस्तक धरून मोठी झाले. पुढे नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आयुष्य गेलं. तिथे वाचनकक्षात शांतता ठेवा अशी पाटी होती. मला मात्र शांततेत कधी नीट वाचता आलं नाही.

लछूमामाची गाण्याची पार्टी होती. जयंतीचा महिना आला की डफ, पेटी, ढोलकी आणि पाठीमागे झील धरणारी माणसं घेऊन तो कंधार, उदगीर, पार देगलूरपर्यंत फिरायचा. त्याला लिहिता येत होतं, पण गाणं तो कागदावर करत नसे. संध्याकाळी चुलीपुढे उकिडवा बसायचा, पितळी ताटलीवर नखांनी ताल धरायचा आणि नवी ओळ हळू आवाजात म्हणून बघायचा. म्हणताना त्याचे डोळे मायच्या हातावर असायचे. हात चालू राहिला की ओळ टाकून द्यायची. हात थांबला की ओळ बसली. इतका सरळ हिशेब होता. "आक्का, तुझ्या हातावानी परीक्षक औरंगाबादेत बी न्हाई," तो म्हणायचा. माय म्हणायची, "आन् भाकर करपली तर मग काय, तुझी ओळ खायची का?" माझा थोरला भाऊ किसन तिथेच भिंतीला टेकून बसलेला असायचा. तो म्हणायचा, "ओळ मामाला द्या, करपलेली मला द्या."

किसन खाण्याचा मोठा भोक्ता. भाकरीबरोबर गूळ मिळाला की त्याला दुसरं काही लागत नसे. माय त्याच्या ताटाकडे बघून म्हणायची, "तुझं पोट हाय का कणगी रे?" पण म्हणताना आणखी एक भाकरी टाकायची. फौजेत भरती व्हायला तो नांदेडला गेला तेव्हा परत येऊन पहिली बातमी त्याने हीच दिली की तिथे दोन्ही वेळ पोटभर मिळतं. मामा म्हणाला, "बघा, देशासाठी न्हाई, खिचडीसाठी चालला." आम्ही सगळे हसलो. त्या रात्रीचं हसणं मला आठवतं, कारण नंतर आमच्या घरात त्या विषयावर कोणी हसू शकलं नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा आमच्यापासून सरहद्द किती दूर होती हे नकाशात मी पाहिलेलं होतं, पण गावाने ती घराच्या परसात आणून ठेवली. शाळेच्या मैदानात खंदक खणले. वस्तीत वीज नव्हतीच, तरी कंदिलाच्या काचांना काळा कागद लावायचा हुकूम आला, आणि अर्धं गाव त्या कागदासाठी दुकानापुढे उभं राहिलं. आकाशात तारा सरकल्यासारखा दिसला की माणसं शेजारच्याच्या छपरावर कोणी बॅटरी दाखवतो का ते बघू लागत. बाजारात खाजाभाईंचं हॉटेल होतं. त्यांनी रेडिओ बाहेर बाकावर आणून ठेवला आणि सगळ्या बाजारात त्यांचाच आवाज मोठा असायचा. शत्रूची इतकी विमानं पडली, इतके रणगाडे फुटले असं ऐकलं की लोक टाळ्या वाजवत. खाजाभाई सगळ्यांच्या आधी वाजवत. त्यांना त्या सगळ्यांच्या आधी का वाजवाव्या लागत होत्या, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तार दुपारी आली. इंग्रजीत होती, आणि वस्तीत इंग्रजी वाचणारी मीच. सेवेत असताना मृत्यू, एवढंच त्यात होतं. कुठे, कसा, काही नाही. तेव्हा सैनिकाचा देह गावी येत नसे, तिकडेच अग्नी देत. मायने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "आन् खाली? खाली काय लिव्हलंय?" खाली काही नव्हतं. रडण्याआधी ती बराच वेळ त्या कागदाच्या मोकळ्या भागाकडे बघत होती.

आठवडाभरात जिल्ह्याच्या गावाहून प्रचाराची जीप आली. तेव्हा लातूर आमचा जिल्हा नव्हता, कचेरीचं काम म्हणजे उस्मानाबाद. जीपवर कर्णे होते, आणि रात्री दोन बांबूंना पडदा बांधून ते लढाईची चित्रं दाखवत. जीपबरोबरचे साहेब आमच्या अंगणात येऊन खुर्चीवर बसले. त्यांच्याबरोबर गावचे पाटील होते. मी चहा नेला. पाटलांनी कप उचलला, क्षणभर धरला आणि प्यायले. आमच्या वस्तीतल्या घरचा चहा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला. हे मामाने पाहिलं, मीही पाहिलं.

साहेब सुस्वभावी होते, मायशी हळू बोलले. मग मामाला म्हणाले, "शाहीर, एक पोवाडा करा. गावोगाव नेऊ. लोकांना आकडे सांगून सांगून आम्ही दमलो, आता त्यांना माणूस द्या."

"करतो साहेब," मामा म्हणाला. "पण पोरगा गेला कसा, ते तारेत न्हाई."

"मग तुम्ही कशाला आहात?"

त्यांनी हे हसत, शाबासकी दिल्यासारखं म्हटलं. त्यात काही वाईट आहे असं तिथे बसलेल्या कोणालाही वाटलं नाही. मलाही नाही. ज्या कागदावर खाली काही लिहिलेलं नव्हतं, तो मोकळा भाग भरायला कोणीतरी माणूस मिळाला, असंच वाटलं.

त्या संध्याकाळी मामा ताटली घेऊन चुलीपुढे बसला. त्याचे डोळे सुजलेले होते, किसनला त्याने खांद्यावर खेळवलेलं होतं. तो म्हणत गेला. टेकडी आली, तोफा आल्या, एकटा किसन आला, छातीवरची गोळी आली. मायचा हात चालूच होता. दगडासारखा चेहरा आणि चालणारा हात. मामा ओळी टाकत गेला. मग जरा थांबून त्याने म्हटलं,

"तीन दिसांचा उपाशी वाघ,
तरी न सरला माघारी..."

मायचा हात थांबला. काठवटीतली भाकरी कडेने तडकली. तव्यावरची धुरायला लागली, तरी तो हात पिठावर तसाच. मामाने ताटली खाली ठेवली. "बसली," तो स्वतःशीच म्हणाला.

माय म्हणाली, "लछ्या, खरंच का रे? उपाशी व्हतं का लेकरू?"

"आगं आक्का, गाणं हाय ते."

"तुला कुनी सांगितलं का तसं?"

"कोन सांगनार? गान्याला लागतंय तसं."

करपलेली भाकरी तिने बाजूला काढून ठेवली. ती मागणारा घरात कोणी नव्हता.

पोवाडा चालला, आणि असा चालला की आम्हीच बघत राहिलो. जीप पुढे आणि मामाची पार्टी मागे, असे ते कंधारच्या किल्ल्यापुढे, उदगीरच्या आडत बाजारात, लोह्याच्या यात्रेत गायले. इतर ओळींना लोक आरोळ्या देत, पण 'तीन दिसांचा उपाशी' आलं की बायका पदर डोळ्याला लावत. लढाई संपली तरी गाणं संपलं नाही. आणि मग ते दुसरीकडून आमच्या घरी परत यायला लागलं. बाजारात मायला अनोळखी बाया थांबवून म्हणत, "तीन दिवस अन्नाचा कण न्हाई म्हणं लेकराला." उदगीरच्या एसटीच्या कंडक्टरने तिचं तिकीट घेतलं नाही. म्हणाला, "मावशी, तुमच्या पोरानं उपाशी पोटी जीव दिला, तुमच्याकडून पैसे घेऊ व्हय?" त्या दिवसापासून संध्याकाळची भाकरी तिने सोडली.

मला तिने एकदाच कारण सांगितलं. "त्यो उपाशी गेला. माझ्या घशाखाली उतरत न्हाई."

"माय, ते मामानं रचलंय. तुझ्यापुढेच रचलं की."

"मग उदगीरच्या कंडक्टरला कसं ठावं? कंधारच्या बायांला कसं ठावं? साऱ्या मुलखाला ठावं हाय, मलाच कुनी सांगितलं न्हाई."

पुढे मी लढायांविषयी आणि लोकमताविषयी जाड जाड पुस्तकं वाचली, माझ्या हातांनी त्यांना क्रमांक टाकले. माय जे एका वाक्यात बोलली त्यापेक्षा त्यांत फार काही निराळं नव्हतं. खोटं आपल्या डोळ्यांपुढे जन्मलं तरी ते परक्याच्या तोंडून परत आलं की खरं होऊन येतं. मामाचंही तसंच झालं. एकदा तिने त्याला ती ओळ काढून टाक म्हणून विनवलं. तिच्या जेवणाचं त्याला ठाऊक नव्हतं. तिने ते त्याच्यापासून लपवलं होतं, पित्त होतं म्हणून सांगितलं होतं, आणि मलाही शपथ घातली होती. तो म्हणाला, "आक्का, ती काढली तर गान्यात ऱ्हातंय काय? आन् मला बी आता वाटाया लागलंय, तसंच झालं असंल."

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, जनावरं गेली, आणि सगळा मुलूख खडी फोडायला रस्त्यावर बसला. पाटलांच्या घरच्या सुनाही तोंडावर पदर घेऊन आमच्या बायकांच्या शेजारी हातोडा चालवत होत्या. रेशनवर परदेशातला लाल मिलो, ज्वारीसारखं धान्य, मिळायचा. त्याची भाकरी थापली जात नसे, तुटायची, आणि त्यामुळे मायच्या हाताचा आवाजही बदलला. कामावर खायला सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, वाटत. ती आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. साऱ्या गावाची पोटं खपाटीला गेली होती, तेव्हा एका बाईचं एक वेळचं जेवण कुणाच्या लक्षात येणार? दुष्काळाने तिचा उपास झाकला. खडी फोडताना बायका मामाचाच पोवाडा म्हणायच्या, आणि त्या ओळीला हातोडे एकदम पडायचे. माझी माय तिथेच बसलेली असायची.

त्या उन्हाळ्यात नागनाथ आला. उदगीरकडचा पोरगा, किसनच्या तुकडीतला, सुटीवर आलेला. किसनचं कांबळं आणि जर्मन धातूचा मग पोहोचवायला तो वाट वाकडी करून आला होता. माय कामावरून परतली नव्हती. मामाने त्याला बाहेर लिंबाखाली नेलं. मी चुलीपाशी होते. बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. आधी नागनाथ बोलत होता आणि मामा खाली बघत होता. मग मामाने त्याचं मनगट धरलं आणि तो बोलू लागला. धरलेलं मनगट त्याने बराच वेळ सोडलं नाही.

माय आली. नागनाथ पाया पडला. तिने हातपाय न धुता आधी त्याच्यासाठी भाकरी टाकली. "लाल हाय बाबा, गोड मानून घे," म्हणाली, आणि त्याच्या समोर बसून त्याला जेवताना बघू लागली. ज्या माणसाने किसनला शेवटचं पाहिलं, तो तिच्या हातची भाकरी खात होता. तिने त्याला दोन घास खाऊ दिले. मग म्हणाली, "लेकरा, एकच इचारते. मरायच्या आधी जेवला व्हता का माझा किसन?"

नागनाथचा हात ताटात राहिला. त्याने मामाकडे पाहिलं. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, बाहेर अंधाराकडे बघत.

"गान्यात हाय तसंच, मावशी," नागनाथ म्हणाला.

तो घास त्याने खाली ठेवला आणि उठला. मायने आग्रह केला नाही. पहाटेच्या गाडीने तो गेला. त्यानंतर मायने कुणालाच काही विचारलं नाही.

दुष्काळ सरला, पीकपाणी झालं, मी नांदेडला शिकायला गेले आणि तिथेच नोकरीला लागले. मायला नांदेडला नेलं तरी ती संध्याकाळी पाण्याच्या तांब्यावर निजायची. शेवटी आतड्याला जखमा झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, यांची जेवणाची वेळ काय? ती माझ्याकडे बघून हसली. त्याच आजारात ती गेली. तिच्या ताटात मी गूळ वाढत असे, तो तिने कधी खाल्ला नाही.

ती गेल्यानंतर काही वर्षांनी नागनाथ मला कॉलेजात भेटला. फौजेतून निवृत्त होऊन तो नांदेडला एका बँकेच्या दारावर पहारा करत होता, आणि पुतणीच्या प्रवेशासाठी आला होता. मी त्याला चहा दिला. माय गेल्याचं ऐकून तो रडला. मग मी त्याला विचारलं नव्हतं तरी तो सांगू लागला.

"लढाईत न्हाई हो ताई. आमचा ट्रक उलटला, वरच्या डोंगराच्या वळणावर. मी म्होरल्या गाडीत व्हतो. आन् उपाशी कुठला? जेवूनच निघालो व्हतो की आमी. लंगरात खिचडी व्हती, आन् त्या दिशी गूळ आलता. किसननं असं दाबून खाल्लं की उस्ताद वरडले. मला म्हणला, नागू, मायला कळवाया पायजे, इथं बी गूळ मिळतो. मग गाडीत चढून निजला. निजेतच गेला असंल. चेहरा तसाच व्हता, निवांत."

मी म्हटलं, "हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगाया तर आलतो. मामा म्हणले, तिचा पोरगा वाघ म्हणून गेलाय, ट्रकात निजलेला म्हणून सांगू नगं. गावचा पाटील आज तिच्या घरी चहा पितो, उद्या त्यो बी जाईल. तिच्याकडं तेवढंच उरलंय." त्याने कप खाली ठेवला. "मला काय ठावं, तिला नुसतं जेवनाचंच पायजे व्हतं."

लायब्ररीतली टेबलं तेव्हा रिकामी होती. मायला जे हवं होतं ते इतकं लहान होतं की एका वाक्यात मावलं असतं, आणि ते वाक्य आमच्या अंगणात, लिंबाखाली, तिच्या चुलीपासून दहा हातांवर येऊन उभं राहिलं होतं. तिला वाघ नको होता. खिचडीची एक ताटली आणि गुळाचा खडा पुरला असता. मी मामावर रागावायला अहमदपूरला गेले. मायच्या उपासाचं सांगितलं, तशी त्याने भिंतीला पाठ टेकली. म्हणाला, "एक डाव मला सांगायचं व्हतं तिनं."

"ओळ काढ म्हणाली होती, मामा. आणि गाणं रचताना तुला विचारलं होतं, उपाशी होता का म्हणून."

"तिचा हात थांबला व्हता गं," तो म्हणाला. "मला वाटलं, ओळ बसली."

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. आम्ही अहमदपूरकर नव्या जिल्ह्यात गेलो. फटाके वाजले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, आणि लातूरच्या मैदानावर मोठा कार्यक्रम ठरला. जुन्या शाहिराला बोलावणं आलं. लोकांना तोच पोवाडा हवा होता. मामाने गाणं केव्हाच कमी केलं होतं, पण या वेळी तो लगेच हो म्हणाला. मला निरोप धाडला, तू ये. एसटीत माझ्या शेजारी बसून सगळी वाट तो मांडीवर नखांनी ताल धरत होता. काय रचतो आहे, ते मला कळत होतं.

मैदान भरलं होतं. डफ घेतलेला मामा दिव्यांच्या उजेडात फार लहान दिसत होता. पाठीमागे झील धरायला नवी पोरं होती, गाणं ऐकतच मोठी झालेली. टेकडी आली, तोफा आल्या. लोक सरसावून बसले. बायकांनी पदर हातात घेतले. मामाने डफ खाली केला, आणि सरळ, जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं,

"पोट भरून जेवला वाघ,
गूळ होता पानावरी..."

पुढच्या रांगेतून कोणीतरी हसलं. "शाहीर, इसरलाव!" मागून आवाज आला, "उपाशी! उपाशी!" झीलकऱ्या पोरांना वाटलं म्हातारा चुकला, सावरून घ्यावा, म्हणून त्यांनीच वरच्या पट्टीत उचलून धरलं, "तीन दिसांचा उपाशी वाघ..." आणि सगळं मैदान त्यांच्या मागे म्हणायला लागलं. हजारो माणसांना ओळ पाठ होती. माझ्या शेजारची एक आठ-नऊ वर्षांची पोर डोळे पुसत म्हणत होती. किसन गेला तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

मामाचा हात डफावर पडायचा तो वरच थांबला. तो तसाच उभा राहिला, हात हवेत, तोंड उघडं, माणसांच्या त्या समुद्राकडे बघत. लोकांनी तो थांबलेला हात पाहिला आणि टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, ओळ बसली.